मानसिंगरावांचं मडगार्ड आणि मी

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी जळण नाही. मला बघून प्रत्येकाच्या मनात पहिला विचार चुलीचा येतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. आष्ट्यात आलो त्याच दिवशी शेजारच्या धोंडुबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं होतं, "दाजी, ह्यो ओंडका फोडणार कवा? चार ढलप्या मला बी द्या की, पाणी तापवाय." इतका राग आला म्हणून सांगू! मी एक जुना बाभळीचा ओंडका आहे. माणसाच्या कमरेइतका उंच. माझ्या माथ्यावर परातीएवढा खोलगट खड्डा आहे आणि त्या खड्ड्यात मोटारीच्या पत्र्याला हातानं आकार दिला जातो. आता हे किती जणांना माहीत असणार? म्हणून माझी कहाणी मीच सांगतो.

माझा जन्म कडेगावकडच्या एका बांधावर झाला. ऊन खाल्लं, काटे वाढवले, शेळ्यांना शेंगा दिल्या. पुढं रस्ता रुंद करताना आम्हाला तोडलं. शेंड्याकडचं लाकूड कुठं कुठं गेलं, त्याची खबर नाही. बुंध्याचा हा तुकडा मात्र सांगलीच्या कोंडीबा मिस्त्रींनी टेम्पोत घालून नेला. ते गाड्यांचं डेंटिंग करायचे. त्यांनी माझ्या माथ्यावर निखारे ठेवले, जळलेलं लाकूड पटाशीनं खरवडलं, पुन्हा निखारे ठेवले, पुन्हा खरवडलं. लाकडाला दुखतं की नाही हे मला अजून नीट सांगता येत नाही, पण तो वास लय वाईट होता. असा माझा खड्डा झाला, आणि मी कामाला लागलो.

काम कसं असतं ते सांगतो. सपाट पत्रा माझ्या खड्ड्यावर धरायचा आणि लाकडी मोगरीनं मारत जायचं. दर घावाला पत्रा थोडा ताणतो, थोडा आत बसतो. आधी त्याला अक्रोडासारख्या सुरकुत्या पडतात. बघणाऱ्याला वाटतं, झालं वाटोळं! मग त्याच सुरकुत्या कडेकडेनं बसवत आणायच्या आणि शेवटी डॉलीवर, म्हणजे हातात मावणाऱ्या लोखंडी ठोकळ्यावर, धरून हलक्या हातोडीनं अंग गुळगुळीत करायचं. घाई केली की पत्रा फाटतो. डोळ्याला न दिसणारा उंचवटा तळहाताला लागतो, म्हणून कोंडीबा डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवत बसायचे. लोक म्हणायचे, मिस्त्री झोपले वाटतं.

कोंडीबांच्या हाताशी पत्रा धरायला कायम कुणीतरी असायचं. कधी गिऱ्हाईक, कधी पलीकडचा पंक्चरवाला, नाहीतर त्यांची बायको शालूबाई. शालूबाई धरायला असल्या की भांडण ठरलेलं. "आवं, डाव्या अंगाला चढलंय, दिसत न्हाई का तुमास्नी?" असं त्या भर रस्त्यात ओरडायच्या. "तू धर गं नुसतं!" हे ओरडायचे. पण हात मात्र डावीकडं वळायचा. मारणाऱ्याची सगळी नजर घावावर असते, आकार दिसतो तो धरणाऱ्याला. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, ती कामाची रीतच होती. गाडी तयार झाली की गिऱ्हाईक मिस्त्रींची पाठ थोपटायचं. माझी कुणी थोपटली नाही. पण खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मलाही हळदकुंकू लागायचं आणि झेंडूचं एक फूल मिळायचं, त्यात माझं समाधान होतं.

मग तयार पत्रे खोक्यांतून यायला लागले. जुनं काढा, नवं लावा, काम खलास. शालूबाई गेल्या, कोंडीबांची नजर अधू झाली, गॅरेजच्या जागी मोबाईलचं दुकान आलं. मला ढकलत ढकलत चहाच्या गाड्याशेजारी नेऊन टाकलं. लोक माझ्यावर बूड टेकून चहा प्यायचे आणि खड्ड्यात कप टाकायचे. मित्रांनो, ज्या जागेवर मोटारी घडल्या, तिथं उष्टे कप! पावसाळ्यात त्यात पाणी साचून डास व्हायचे, तेव्हा तर शिव्याही मला पडायच्या.

तिथंच मला मानसिंगराव भेटले. आष्ट्याचे, ऊसवाले, फौजेतून निवृत्त झालेले. फौजेत त्यांनी मोठे ट्रक चालवले होते. ताठ कणा, पांढऱ्या मिशा आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांच्या जुन्या फियाटला पुढचं डावं मडगार्ड हवं होतं. सांगलीतली सगळी दुकानं त्यांनी पालथी घातली होती. चहा पिणाऱ्या कोंडीबांनी विचारपूस केली आणि हसले.

"न्हाई मिळायचं दादा. आता हातानंच करावं लागतंय."

"मग करा की तुमी."

"मला तुमचं त्वांड दिसंना झालंय, मडगार्ड काय करू? तुमी करा. ह्यो ओंडका घेऊन जा. मोगरी बी देतो घरातनं."

मानसिंगराव काही दिवस सांगलीला येऊन त्यांच्याकडून हात शिकून गेले. पुढं कोंडीबाही गेले. मी आष्ट्याच्या शेडमध्ये त्या फियाटसमोर येऊन उभा राहिलो.

ही फियाट लीलाबाईंची. लीलाबाई म्हणजे मानसिंगरावांची बायको. नवरा सीमेवर असताना ही बाई स्वतःहून गाडी चालवायला शिकली. डोक्यावरचा पदर दातात धरून ती सांगलीच्या बाजारात गाडी घालायची, म्हणे. एकदा उसाच्या ट्रॉलीला घासून डावं मडगार्ड चेपलं आणि पुढं त्या चेपलेल्या जागेत गंज धरला. "राहू दे, माझी खूण हाय ती," असं त्या म्हणायच्या. गेल्या वर्षी त्या आजारपणात गेल्या. तेव्हापासून गाडी शेडमध्ये, डावं अंग भिंतीला लावून, उभी होती आणि मडगार्डाच्या शोधात सांगलीला केलेल्या फेऱ्या सोडल्या तर मानसिंगराव खुर्ची टाकून तिच्यासमोर बसून असायचे. पेपरसुद्धा वाचायचे नाहीत. मला आणलं, तरी मोगरी हातात घेत नव्हते.

त्यांची मुलगी संयोगिता साताऱ्याला असते, बँकेत नोकरी करते. ती उन्हाळ्यात आली तेव्हा मी नवा नवा होतो, सगळं नीट ऐकत होतो.

"आबा, असं किती दिवस बसून राहणार तुम्ही? चला माझ्याकडं. हितं पडला झडला तर बघणार कोण?"

"मी येत न्हाई. तिसऱ्या मजल्यावर काय करू? गॅलरीतनं खाली बघत बसू?"

"मग हितं काय करताय? गाडीकडं बघत बसता, तेच ना?"

मानसिंगरावांनी खुर्ची गाडीकडं आणखी वळवली. शेवटी तीच म्हणाली, "बरं. दसऱ्यापर्यंत मडगार्ड बसवून गाडी गेटाबाहेर काढा. ती रस्त्याला लागली म्हणजे तुम्ही माणसांत जाल. मग मी एक शब्द बोलणार नाही. न्हाईतर सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," मानसिंगराव म्हणाले. फौजी माणूस, शब्दाचा पक्का. घर, शेत, लीलाबाईंची गाडी, सगळं त्या एका शब्दावर लागलं. आणि माझंही. तिसऱ्या मजल्यावर ओंडका कोण नेतो? मी परत जळण होणार होतो.

मित्रांनो, त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यांत कष्टाचे, आणि सांगायला हरकत नाही, सगळ्यांत एकटे. काम होतं, पण माणूस नव्हतं. पत्रा धरायला कुणी नाही म्हणून मानसिंगराव त्याचं एक टोक गुडघ्यानं दाबायचे, दुसरं तारेनं मला बांधायचे आणि मारायचे. धाड धाड आवाज साऱ्या गल्लीला ऐकू जायचा. गल्लीनं काय केलं असेल? खिडक्या लावून घेतल्या. धोंडुबाई भिंतीपलीकडून ओरडायच्या, "मानसिंगदाजी, जरा सावकाश बडवा की ओ! टीवी ऐकाय येईना झालाय." मानसिंगराव मोगरीला फडकं गुंडाळून हळू मारायचे. दूधवाला गेटाला पिशवी अडकवून निघून जायचा. समोरचे सयाजीराव ट्रॅक्टरवरून जाताना हात करायचे, पण उतरायचे नाहीत. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. म्हातारा आपल्या दुःखात आहे, कशाला त्रास द्या, असं सगळ्यांना वाटायचं. दुपारी कधीतरी मानसिंगराव स्वतःशीच म्हणायचे, "जमतंय बघ लीले." मला वाटायचं, एकदा तरी मला सांगा की, मी हितंच आहे.

आता चूक कशी झाली ते ऐका. डावं मडगार्ड गंजून चाळण झालेलं, त्याच्यावरून माप घेता येईना. म्हणून त्यांनी चांगल्या उजव्या मडगार्डावरून पुठ्ठ्याचे फर्मे, म्हणजे मापाचे नमुने, कापले. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, एका बाजूला छपाई. छापील बाजूवर त्यांनी खडूनं खुणा केल्या. आता उजव्याचा फर्मा डाव्याला वापरायचा तर तो पालथा घालावा लागतो. उजव्या पायाची चप्पल डाव्या पायाला चालत नाही, तसंच हे. पण खुणा छापील बाजूला, म्हणून दर वेळी छापील बाजूच वर! पत्र्याला पोक निघालं ते उजवं निघालं.

मला पहिल्याच आठवड्यात कळलं. एवढी मडगार्डं माझ्या अंगावर घडलेली, मला नाही कळणार तर कुणाला? शालूबाई असत्या तर त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली असती. मी ओरडू कसा? मला खड्डा आहे, तोंड नाही. एकदा तर घाव बसताना मी मुद्दाम हललो. मानसिंगरावांनी काय केलं, माझ्या बुडाखाली विटेचा तुकडा सारून मला घट्ट बसवलं.

आणि सगळ्यांत वाईट ते पुढंच. रोज संध्याकाळी काम थांबवताना ते नवा पत्रा उचलायचे आणि गाडीच्या उजव्या मडगार्डावर ठेवून बघायचे. डावी बाजू भिंतीला लागलेली, तिथं हात शिरत नव्हता. पत्रा उजव्यावर टोपी बसावी तसा चपखल बसायचा. कशाला नाही बसणार? त्याच बाजूचा तो! तो बसला की त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, ते बघून माझा जीव तुटायचा. संयोगिताचा फोन आला की सांगायचे, "हुबेहूब झालंय. रोज बसवून बघतोय." ती तिकडून म्हणायची, "मस्तच की आबा," आणि कुकरची शिट्टी झाली की फोन ठेवायची.

मडगार्डाचे सगळे तुकडे तयार झाले, फौजेत शिकलेल्या गॅस वेल्डिंगनं जोडले गेले, हेडलाइटचं गोल भोक काढून झालं. अंग असं गुळगुळीत की त्यात तोंड दिसावं. खरं सांगतो, कोंडीबांच्या हातूनही इतकं देखणं मडगार्ड क्वचित उतरलं असेल. मला अभिमानही वाटत होता आणि रडूही येत होतं.

खंडेनवमीच्या सकाळी संयोगिता झेंडूची फुलं आणि पेढे घेऊन आली. मानसिंगरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोघांनी मिळून गाडी ढकलत भिंतीपासून लांब घेतली. गंजकं डावं मडगार्ड उतरवलं. मानसिंगरावांनी नवं दोन्ही हातांनी उचललं आणि जागेवर धरलं.

बसेना. त्यांनी फिरवलं. तरी बसेना. हेडलाइटचं भोक दरवाज्याकडं तोंड करून राहिलं. पुन्हा फिरवलं, तेव्हा पोक आत गेलं आणि पोकळी बाहेर आली.

"आबा," संयोगिता हळूच म्हणाली, "हे उजव्याचंच झालंय की ओ."

"आसं कसं हुईल? मी रोज बसवून बघत हुतो."

"कशावर?"

"उजव्यावर."

"आवं आबा, उजव्यावर बसलं म्हणजे ते उजवंच झालं की!" आणि तिला हसू फुटलं. खळखळून हसली ती. मग वडिलांकडं तिचं लक्ष गेलं आणि ते हसू तिथंच थांबलं. मानसिंगरावांनी मडगार्ड खाली ठेवलं आणि ते माझ्यावर बसले. इतक्या महिन्यांत ते माझ्यावर कधी बसले नव्हते.

"इतके महिने चाललंय हे," ती म्हणाली. "कुणाला दाखवलं पण न्हाई तुम्ही?"

"कुणाला दावू? कोण येतंय हितं?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. ते ऐकून संयोगितानं ओढणी डोळ्याला लावली. मलाही भरून आलं, मित्रांनो. लाकूड असलो म्हणून काय झालं.

"बांध सामान," मानसिंगराव म्हणाले. "हरलो बघ पोरी. शब्द म्हंजे शब्द."

संयोगिता घरात गेली नाही. ती गेटाकडं गेली. रोज एकच झडप अर्धवट उघडी असायची, तिनं दोन्ही झडपा सताड उघडल्या आणि गल्लीत उभी राहून हाका मारायला सुरुवात केली. "धोंडुमावशी! सयाजीकाका! जरा या की हिकडं. आबांनी काय केलंय बघा!"

"अगं गप! लाज काढतीस का माझी?" मानसिंगराव कासावीस झाले. पण माणसं आली. धोंडुबाई पीठ लागलेल्या हातांनी आल्या. सयाजीराव ट्रॅक्टर धुवायचा टाकून आले. आणखी कोण कोण आलं. आपण रोज ज्या आवाजावर चिडत होतो तो कशाचा होता, हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. सयाजीरावांनी मडगार्ड उचललं, उलटसुलट बघितलं, त्याच्यावरून तळहात फिरवला.

"मानसिंगराव," ते म्हणाले, "ह्ये तुमी हातानं केलंय?"

"व्हय."

"लय देखणं केलंय की गड्या! कंपनीचं झक मारंल. फकस्त उलटं केलंय."

सगळे हसले. मी धास्तावून मानसिंगरावांकडं बघितलं. त्यांच्या मिशा आधी थरथरल्या, मग खांदे हलायला लागले, आणि तेही हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. धोंडुबाई म्हणाल्या, "दाजी, मी भिंतीपल्याड हुते की. येक हाक मारायची. मला मोटारीतलं काय कळत न्हाई, पर डावं-उजवं कळतंय."

सामान बांधलं गेलं नाही. एका बाजूनं उघड्या पडलेल्या गाडीचीच दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पूजा झाली. संयोगितानं साताऱ्याचं नाव काढलं नाही. उलट दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून ती आली आणि पत्रा धरायला बसली. धोंडुबाई दोघांना चहा आणायच्या आणि चहापेक्षा सूचनाच जास्त द्यायच्या. "आबा, हळू, माझं बोट!" "हात काढ की मग!" असा सगळा गोंधळ. या वेळी फर्मा पालथा घातला होता, तो तिघांनी तीनदा तपासून घेतला. डावं मडगार्ड पहिल्याइतकं गुळगुळीत झालं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण ते गाडीला बसलं.

आता फियाट रस्त्याला असते. मानसिंगराव कधी धोंडुबाईंना डोळे तपासायला सांगलीला नेतात, कधी सयाजीरावांबरोबर बाजाराला जातात, रविवारी साताऱ्याला लेकीकडं जेवून येतात. दिवसच्या दिवस घरात नसतात. हे सगळं चांगलंच झालं, मी स्वतः याच्यासाठी देव पाण्यात घातले होते. पण मित्रांनो, शेड रिकामी आहे. माझ्यावर आता मोगरी पडत नाही. कोपऱ्यात भिंतीला टेकून ते चुकलेलं मडगार्ड उभं आहे आणि शेजारी मी. दोघंही कामाची वाट बघत बसल्यासारखे, आणि काम नाही. मला एकटं राहायची सवय आहे असं मी म्हणतो खरं, पण गल्लीच्या तोंडाशी फियाटचा आवाज आला की माझा जीव भांड्यात पडतो.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत एखाद्या घरातून रोज ठोकल्याचा, कापल्याचा, नाहीतर नुसताच रेडिओचा आवाज येत असेल, तर खिडकी लावून घेऊ नका. पायात चपला घाला आणि जाऊन विचारा, "काय चाललंय ओ काका?" काम कळलं नाही तरी चालेल. नुसतं उभं राहून बघा. आणि कधी आष्ट्याकडं आलात, तर हितं बी डोकावा. मानसिंगराव नसले तरी आत या. मी घरीच असतो.